सीटचं माप

नाना माप घ्यायचे तेव्हा आकडे मोठ्याने सांगायचे. रस्त्याने जाणाऱ्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "कंबर चौतीस. सीट चाळीस. मांडी चोवीस. लांबी एक्केचाळीस." सीट म्हणजे कंबरेखालचा, बसायच्या भागाचा घेर. मी तिसरीत असल्यापासून दुकानातल्या स्टुलावर बसून ते वहीत लिहून घ्यायचे. नाना म्हणजे माझे वडील. नाशिकला मेन रोडच्या मागच्या एका बोळात त्यांचं टेलरिंगचं दुकान होतं. फक्त जेंट्स, आणि त्यातही फक्त पँट. गिऱ्हाईक वकील असो की फौजदार, नाना त्याच्या पोटाला टेप लावून आकडा जाहीर करायचे. वकीलसाहेब पोट आत ओढून धरायचे. "सोडा साहेब, श्वास सोडा," नाना म्हणायचे, "ही पँट घालून जेवायला बसायचं हाय ना?" नाना मूळचे देवळ्याकडचे. शहरात तीस वर्षं काढली तरी त्यांचं बोलणं गावचंच राहिलं, आणि ते लपवावं असं त्यांना कधी वाटलं नाही.

मी कॉलेजात गेले तेव्हा नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं आणि मेन रोडवर रेडीमेड पँटांची दुकानं एकेक करून उघडत होती. नानांची गिऱ्हाइकं म्हातारी होत चालली होती. तरुण पोरं यायची ती विकत घेतलेल्या पँटची उंची कमी करून घ्यायला. "काका, एवढं खालून दुमडून द्या." नाना द्यायचे दुमडून, पण त्या वेळचा त्यांचा चेहरा मला बघवायचा नाही. दुसऱ्याने कापलेली पँट समोर आली की ते आधी ती उलटी करून शिवण बघायचे आणि मान हलवायचे.

एक दिवस जेवताना त्यांनी सांगितलं की सिन्नरच्या एमआयडीसीत गणवेश शिवायचा कारखाना आहे, तिथे ओळखीचा माणूस आहे, दिवाळी झाली की दुकान सोडून तिथे लागायचं. विचारलं नाही, सांगितलं. आई "बरं" म्हणाली आणि भाजी वाढायला लागली. मला मात्र रडूच फुटलं. ते दुकान म्हणजे काही राजवाडा नव्हता. दहा बाय बारा, एक कटिंगचं टेबल, दोन मशिनी आणि एक पडदा. पण मला तिथेच बसायचं होतं, त्याच टेबलाशी. नानांना मुलगा नव्हता आणि मी आहे हे त्यांच्या डोक्यात कधी शिरलं नव्हतं.

मी म्हणाले, "दिवाळीपर्यंत मला एक करून बघू द्या. जमलं तर दुकान ठेवायचं."

"काय करणार तू?"

"जीन्स. मुलींच्या."

नाना जेवायचे थांबले. आईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दारू गाळायचं लायसन्स मागितलं होतं.

मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या वर्गात जीन्स घालणाऱ्या पाच-सहा मुली होत्या आणि सगळ्या भावाच्या जीन्स घालायच्या. मुलींसाठी वेगळी जीन्स असते हे नाशिकच्या दुकानदारांना अजून कुणी सांगितलं नव्हतं. पट्टा आवळून बांधायचा, वर भावाचाच शर्ट सोडायचा, आणि लुनावर बसलं की कंबरेमागे वीतभर फट पडायची. मग एक हात हँडलवर आणि एक हात पाठीमागे शर्ट ओढत कॉलेज गाठायचं. मला हे बघून हसू यायचं आणि रागही यायचा. पँट शिवणाऱ्याची मुलगी मी, मला दिसत होतं की चूक मुलींच्या कंबरेत नाही, कापण्यात आहे.

मामेभावाची एक फाटकी जीन्स मागून आणली आणि तिची एकूण एक शिवण उसवली. तुकडे वर्तमानपत्रावर ठेवून नकाशे काढले. मग माझ्या मनाने बदलत गेले. कंबरपट्टी सरळ न ठेवता वाकडी कापली, मागून उंच आणि पुढून खाली. मागच्या खिशांवर पिवळ्या दोऱ्याने तीन पायऱ्या काढल्या, गोदाघाटावर असतात तशा. घरी दार लावून स्वतःचं माप घेतलं आणि आईच्या मशिनवर एक जीन्स शिवली. सात सुया मोडल्या. पण ती अंगात गेली तेव्हा मी आरशासमोर खाली बसले, उठले, पुन्हा बसले. मागे फट पडली नाही. इतका आनंद मला नंतर लग्नातसुद्धा झाला नाही, आणि हे माझ्या नवऱ्यालाही माहीत आहे.

ती घालून दुकानात गेले. नानांनी मला गुडघ्यापासून खाली पाहिलं. वाकून तळाची पट्टी उलटी केली, बोटाने चाचपली आणि म्हणाले, "टीप सरळ हाय." बस. त्यांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे मोठं बक्षीस होतं.

कॉलेज रोडला रेडीमेड कपड्यांचं दुकान असलेला एक ओळखीचा माणूस होता. त्याला माझी जीन्स दाखवली. तो म्हणाला, "पंधरा मुली ही घालून माझ्या दुकानावरून जाताना दिसू देत. मग साईज ठरवून दे, मी कायमची रॅकवर ठेवतो." नानांनी हे ऐकलं आणि खडूचा तुकडा बोटात फिरवला. मग म्हणाले, "ठीक हाय. त्याने ठेवल्या तर दुकान राहील. नाही ठेवल्या तर सिन्नर." लेबलाचं नावसुद्धा मी शोधून ठेवलं होतं. ते इथे सांगत नाही, आता ते उच्चारवत नाही.

पंधरा मुली आठ दिवसांत मिळाल्या. काही वर्गातल्या, बाकीच्या हॉस्टेलच्या. पण कापणार नाना. त्यांची कात्री दुसऱ्या कुणी हातात घ्यायची नाही हा दुकानाचा नियम होता आणि मीही त्याला अपवाद नव्हते. आणि नानांनी जन्मात कधी बाईचं माप घेतलेलं नव्हतं. तसं ते बायकांच्या शिंप्याकडेही कुणी घेत नाही, आमच्याकडे बायका मापाचा ब्लाऊज पिशवीत घालून नेतात आणि "असाच शिवा" म्हणून सांगतात. पण मापाची जीन्स कुणाकडे असणार? तेव्हा मी पडद्याआड टेप लावायचा आणि नानांनी रस्त्याकडे तोंड करून उभं राहायचं असं आपोआप ठरलं.

पहिली मुलगी आली. मी सवयीने मोठ्याने म्हणाले, "कंबर अठ्ठावीस." मग टेप खाली सरकवला आणि माझा आवाजच बंद झाला. समोर पानाच्या टपरीवर दोन माणसं उभी होती. नानांची पाठ आमच्याकडे होती आणि मान थोडी खाली गेली होती. ज्या शब्दाने मी लहानपणापासून वह्या भरल्या होत्या, तो शब्द एका मुलीसाठी माझ्या तोंडून माझ्या बापासमोर निघेना. शेवटी मी चिठ्ठीवर आकडा लिहिला आणि टेबलाच्या कडेला ठेवला. मुलगी गेल्यावर नानांनी ती उचलली, माझ्याकडे न बघता. मग पंधराही मुलींचं तसंच झालं. पंधरा चिठ्ठ्या.

आता जे सांगणार आहे ते नीट सांगायला हवं, कारण सगळं त्यातच अडकलेलं आहे. मुली पंजाबी ड्रेसवर यायच्या. आमचा पडदा जमिनीपासून वीतभर वर होता, त्यामुळे त्याच्याआड कपडे काढून माप द्यायला कुणी तयार होईना आणि मीही आग्रह केला नाही. सलवारीवरूनच टेप लावला. सलवारीच्या चुण्या तिथेच जमा होतात, म्हणजे आकडा दोन इंच तरी जास्त येणार हे मला कळत होतं. अडतीस आला की मी चिठ्ठीवर छत्तीस लिहायचे. नानांना हे सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे चुण्या कुठे जमा होतात ते सांगावं लागलं असतं. शिवाय मला वाटलं, सांगायची गरजच काय, मी केलंय ना बरोबर. जन्मभर पुरुषांच्या पँटी शिवणाऱ्या माणसाला सलवारीतलं काय कळणार, असंही वाटलं होतं. हे कबूल करते.

मग कापडाचा तागा आला. नानांचा एक नियम होता, पाण्यातून काढल्याशिवाय कुठलंही कापड कापायचं नाही. मी म्हटलं, जीन्सचं कापड कडकच बरं दिसतं. ते म्हणाले, "पहिल्या धुण्याला आटलं की गिऱ्हाईक शिव्या मला देईल, कापडाला नाय." घरच्या हौदात त्यांनी सगळं कापड दोनदा भिजवलं आणि गच्चीवर वाळत घातलं. मोरी आठवडाभर निळी राहिली. आई रोज घासायची आणि रोज आम्हा दोघांना बोलायची.

ते पंधरा दिवस मी आजही विसरले नाही. नाना कापायचे, मी शिवायचे. जाड शिवणीवर मशीन अडायची, मग नाना ती शिवण लाकडावर ठेवून हातोडीने ठोकून मऊ करायचे आणि मी पाय मारायचे. खिशाच्या कोपऱ्यातले तांब्याचे रिव्हेट भद्रकालीत शाळेची दप्तरं दुरुस्त करणाऱ्याकडून ठोकून आणले. त्याने पैसे सांगायच्या आधी प्रत्येक जीन्स उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, "कुठल्या कंपनीची?" मी म्हणाले, "आमची." नाना मागे उभे होते. परत येताना चालता चालता ते स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होते. गाणं कुठलं ते आठवत नाही, पण नाना गुणगुणतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

एरवी नाना कच्ची शिवण घालून ट्रायल घेतल्याशिवाय पँट पुरी करत नसत. पण अर्धवट शिवलेली जीन्स घालून मुलींनी जेंट्स टेलरच्या दुकानात उभं राहायचं, आणि नानांनी टाचण्या लावायच्या? तो विषय निघालाच नाही. दोघांनीही काढला नाही.

वसुबारसेला पहिली मुलगी न्यायला आली. हॉस्टेलची, हसरी, बडबडी. पडद्याआड गेली. नाना रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. मी बाहेर लेबलाचे उरलेले दोरे गुंडाळत होते. आतून आधी उड्या मारल्याचा आवाज आला. पडद्याखालून तिचे पाय दिसत होते, वर उचलले जायचे आणि धपकन खाली यायचे. मग आवाज थांबला. मग ती हळूच म्हणाली, "ताई, जरा आत येता?"

जीन्स मांड्यांवरच अडली होती. मी ओढली, तिने ओढली, ती वर जाईना. कशीबशी चढवली तर बटण आणि काज यांच्यात चार बोटांचं अंतर. ती आधी हसली. मग तिचे डोळे भरले आणि तिने विचारलं, "मी जाड झाले का हो?" मी "नाही गं," म्हणाले आणि तिच्या पायातून ती जीन्स सोलून काढली. संध्याकाळपर्यंत आणखी सहा मुली आल्या. सहाही जणींची जीन्स मांड्यांवरच अडली. एकीने पडद्याआडूनच सांगितलं की आई नको म्हणतेय. दुसऱ्या दिवशी कुणी आलंच नाही, हॉस्टेलमध्ये बातमी पोचली होती.

साध्या पँटीच्या आत नाना नेहमी माया ठेवायचे, म्हणजे शिवणीच्या आत दुमडलेलं जास्तीचं कापड. माणूस सुटला की शिवण उसवायची आणि पँट मोठी करून द्यायची. त्यांच्या गिऱ्हाइकांच्या पँटी लग्नापासून पोरांच्या लग्नापर्यंत चालायच्या. पण जीन्सची शिवण दुहेरी, एकात एक दुमडून वरून दोन टिपा मारलेली. आत काहीच उरत नाही. नानांनी एक जीन्स उलटी करून तीन-चारदा शिवण चाचपली, नसलेली माया शोधत. "नाय होणार," हे शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले.

ते घरी गेल्यावर मी चिठ्ठ्या काढल्या. तारेला टोचून ठेवलेल्या होत्या. प्रत्येक चिठ्ठीवर माझा आकडा निळ्या शाईत आणि त्याखाली नानांचा, पेन्सिलने. माझा छत्तीस, त्यांचा साडेचौतीस. माझा सदतीस, त्यांचा साडेपस्तीस. पंधराही चिठ्ठ्यांवर दीड इंच कमी. रस्त्याकडे तोंड करून उभा असलेला माणूस सगळं समजून होता. माप सलवारीवरून घेतलंय हे त्यांना कळलं होतं, आणि नवख्या पोरीला ते कमी करायचं सुचणार नाही असं धरून त्यांनी आपल्या हाताने कमी केलं होतं. मी मांडी घालून जमिनीवर बसले. कुणाला ओरडावं ते कळेना.

मला आधी राग आला. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही म्हणून आला. मीही ठेवला नव्हता, हे लक्षात यायला वेळ लागला. दोन दिवसांनी मुली विचारायला आल्या तेव्हा त्यांना सांगितलं की कापड आटलं. नाना तिथेच होते. कापड दोनदा भिजवलेला माणूस ते ऐकून टेबलावरचा खडूचा भुगा हाताने गोळा करत राहिला. त्याच क्षणी मी म्हणायला हवं होतं की नाना, मीही दोन इंच कमी केले होते. एक वाक्य. पण पुन्हा तोच विषय, तोच शब्द. आज सांगू, उद्या सांगू असं करता करता दिवाळी गेली.

पाडव्यानंतर दुकानाची पाटी उतरवली. नाना रोज सकाळी द्वारका चौकातून सिन्नरची एसटी पकडायला लागले. तिथे कापायला मशीन होती, एका वेळी चाळीस थर कापणारी, त्यामुळे कटिंग मास्तर नको होता. नानांना लाइनवर बसवलं. खाकी शर्टाचा डावा खिसा. दिवसभर फक्त डावा खिसा, उजवा शेजारचा लावायचा. आईने मला न विचारता त्या पंधरा जीन्स फाडून त्यांच्या पिशव्या शिवल्या, मजबूत कापड वाया कशाला घालवायचं म्हणून. त्यातलीच एक नानांच्या डब्याला दिली. पिवळ्या पायऱ्यांचा खिसा बाहेरून दिसायचा. अकरा वर्षं ते ती पिशवी घेऊन सिन्नरला गेले. मी कितीदा म्हटलं, दुसरी घ्या. "ही चांगली हाय," म्हणायचे.

माझं लग्न सिडकोत झालं. मी पुन्हा कधी जीन्स शिवली नाही, ब्लाऊज आणि फॉल-पिको करत राहिले. कॉलेज रोडला मुलींच्या जीन्सची दुकानं रांगेने उघडली. वाकड्या कंबरपट्टीच्या जीन्स काचेआड टांगलेल्या असायच्या, आणि मी पलीकडच्या फुटपाथवरून जायचे.

माझी मुलगी नववीत असताना तिने अशीच एक जीन्स आणली. मांडीत घट्ट, कंबरेत सैल. "आजोबा करून देतील," म्हणाली आणि मला ओढत माहेरी घेऊन गेली. नाना तेव्हा घरीच असायचे, डोळ्याला जाड भिंगाचा चष्मा, पण हात शाबूत. त्यांनी ती जीन्स उलटी करून पाहिली, मान हलवली आणि म्हणाले, "ही राहू दे. मी नवी शिवतो. कापड आणा."

मुलगी आजीकडे स्वयंपाकघरात गेली. नानांनी चष्मा काढला, सदऱ्याने पुसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तेव्हा मी दीड इंच कमी केलं होतं. तुझ्या मापातून. सगळ्या पोरींचं."

इतकी वर्षं. "कापड आटलं असेल, नाना," मी म्हणाले.

"मी भिजवलं होतं." त्यांनी चष्मा पुन्हा पुसला. "तुझं दुकान मी बुडवलं, माय."

माझं दुकान, म्हणाले. आमचं नाही, त्यांचं नाही. मी तोंड उघडलं, तेवढ्यात मुलगी लाडू खात बाहेर आली. नानांनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि गॅलरीकडे तोंड करून बसले. "माप घे. आकडे मोठ्याने सांग, मला कमी ऐकू येतं."

मी टेप लावला. "कंबर सव्वीस," म्हणाले. टेप खाली सरकवला. माझी स्वतःची मुलगी, माझा म्हातारा बाप, खोलीत दुसरं कुणी नाही, टपरी नाही, आणि तरीही आवाज निघेना. मी टेबलावरचं लाइटबिल घेतलं आणि त्याच्या मागे आकडा लिहिला. चौतीस. मग त्याच्या खाली लिहिलं, "तेव्हा मीही दोन इंच कमी केले होते." आणि ते त्यांच्या गुडघ्यावर ठेवलं.

नानांनी कागद डोळ्यांजवळ धरला. त्यांचे ओठ हलले, बेरीज करताना हलायचे तसे. "साडेतीन," ते हळू म्हणाले. मग कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि गॅलरीकडे बघतच विचारलं, "लांबी?"

"अडतीस," मी म्हणाले. लांबी मला मोठ्याने सांगता आली.